रिकाम्या कुंडीचा आवाज

गोष्ट भुताची आहे की माझ्या निर्लज्जपणाची, हे तुम्हीच ठरवा. मी फक्त झालं तसं सांगते.

त्या शनिवारी मी इथे बंगळुरात जयनगरला कोळसा आणि नारळाची सोडणं आणायला गेले होते. ऑर्किडला माती चालत नाही, कोळशाच्या नि सोडणाच्या तुकड्यांतच त्याची मुळं सुखी असतात. गच्चीवरचं माझं मोठं जांभळं ऑर्किड कुंडीबाहेर लोंबायला लागलं होतं. त्याची कुंडी बदलायची, एवढंच काम होतं. नवरा, उपेंद्र, म्हैसूरला गेलेला. घरात मी एकटीच.

हे ऑर्किड मुळात माझं नव्हे. बसवनगुडीतल्या अहल्याक्कांचं. मला या झाडांचा नाद त्यांनीच लावला. कुंडीला पाणी हवं का, हे त्या बोटातल्या अंगठीने वाजवून ओळखायच्या. कोरडी कुंडी ‘टण’ बोलते, ओली ‘ठप’. रोज दुपारी चारला त्यांची ही फेरी असायची, एकेका कुंडीशी थांबत.

सहा वर्षांपूर्वी अक्कांची उजवी बाजू लुळी पडली. त्यांनी मला बोलावून हे झाड स्वाधीन केलं. “घरी नेऊन दोन वाटे कर, भार्गवी. एक तुला, एक मला.”

आता यातली मेख ऐका. हे झाड एकाच दिशेने पुढे सरकत वाढतं. पुढच्या टोकाला नवे कोंब येतात, फुलं त्यांनाच. मागे उरतात ते जुने, सुरकुतलेले कंद. वाटे करायचे तर दोघांनाही पुढचे कोंब मिळतील असा उभा छेद द्यायचा. मी आडवा दिला. चारही कोंब माझ्याकडे ठेवले आणि मागचे म्हातारे कंद नव्या कुंडीत लावून अक्कांना नेऊन दिले. वर सांगितलं, सारखे वाटलेत हो.

त्यांनी डावा हात कंदांवरून हळूहळू फिरवला. चाळीस वर्षं ऑर्किड वाढवलेला हात तो. मग म्हणाल्या, “सरी.” म्हणजे ठीक आहे. बस्स, एवढंच.

माझं झाड दुसऱ्याच वर्षी फुललं. लालबागेच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं, आणि ते सांगायला मी पेढे घेऊन अक्कांकडे गेले. काय म्हणावं मला! त्या खिडकीशी बसलेल्या, अंगाला नारायण तेलाचा वास, डाव्या हाताने समोरची कुंडी वाजवत. म्हणाल्या, “माझ्याला यंदा स्वल्प उशीर झाला वाटतं.” तीन वर्षं वाट बघून त्या गेल्या. फूल आलं नाही. कुठून येणार?

तर त्या शनिवारी मी गच्चीवर हिरव्या जाळीखाली बसले होते. आभाळ भरलेलं, वारा अजिबात नाही. कुंडी पुढ्यात घेतली, हातोडी शोधत होते. मुळं मातीच्या कुंडीला अशी चिकटतात की ती फोडावीच लागते.

रांगेच्या पलीकडच्या टोकाला आवाज झाला. टण.

मांजर असेल म्हटलं. मग दुसऱ्या कुंडीचा... टण. तिसरीला मी सकाळीच पाणी घातलं होतं. ती ठप वाजली.

मी मान वर केली नाही. आवाज एकेका कुंडीशी थांबत पुढे येत होता. पायांचा आवाज नव्हता. फक्त नारायण तेलाचा वास जवळ जवळ येत गेला. शेवटी माझ्या गुडघ्यांशी ठेवलेली कुंडी वाजली... टण. मी तिच्याकडेच बघत होते. तिला कुणी हात लावला नव्हता.

“अक्का...” मी कुंडीलाच म्हटलं. “देते. तुमचा वाटा देते.”

कुंडी फोडली, मुळं सोडवली, सुरी घेतली. आणि खोटं कशाला बोलू, इतकी भ्यायलेली असूनही माझ्या हाताने सुरी पुन्हा आडवीच धरली. कोंब माझ्याकडे, कंद त्यांच्याकडे. सवय म्हणा, हाव म्हणा. तेवढ्यात बाजूला पडलेली कुंडीची खापरी वाजली. टण. मला स्वतःची इतकी लाज वाटली की भीती मागेच पडली. मी सुरी ठेवून दिली आणि अख्खं झाड गोणपाटात गुंडाळून रिक्षाने बसवनगुडी गाठली.

दार महानंदाने उघडलं, अक्कांच्या सुनेने. मी उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं.

“आम्हाला ठाऊक होतं, भार्गवीअक्का,” ती म्हणाली. सासूला ती अत्ते म्हणायची. “अत्ते पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, मागचे कंद दिलेत हिने. पण बोलू नका, लाजून यायची बंद होईल.”

मला रडूही येईना. सहा वर्षं मी त्या घरात घरचंच माणूस असल्यासारखी वावरले होते, आणि तिथल्या प्रत्येकाला मी कोण ते माहीत होतं.

झाड कशात लावायचं विचारलं तर ती म्हणाली, अत्तेंच्याच कुंडीत लावू. जुने कंद त्यांच्यामागोमाग वाळून गेले, तेव्हा कुंडी धुऊन माळ्यावर टाकलेली. तीन वर्षं तिथेच पालथी. महानंदाने ती काढून आणली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. मी आत हात फिरवला. हाताला कोरडी धूळ लागली.

मग सवयीने बोटातल्या अंगठीने वाजवली.

ठप.

महानंदा माझ्याकडे बघायला लागली. मी पुन्हा वाजवली, दुसऱ्या अंगाने. ठप. काठोकाठ भरलेल्या, भिजलेल्या कुंडीचा आवाज.

“शेवटी शेवटी ही कोरडी असतानाही अशीच वाजायची,” ती हळूच म्हणाली. “आम्ही पाणी घालायला गेलो की अत्ते हात धरायच्या. म्हणायच्या, नको, मी भिजवून ठेवलीय... यात अजून भार्गवीकडचं कुणीतरी यायचंय.”