छत्रीखालचा माणूस

"बाजूला व्हा. तुम्ही दोघंही... आणि तुम्ही, वाळूत पालथे पडलेले, तुम्ही आधी."

ती जीपमधून उतरून जवळजवळ धावतच आली होती. टोपी हातात, केस वाऱ्यावर, आणि चेहरा असा की कुठेतरी आग लागल्याची बातमी घेऊनच आली असावी. खडकाखाली एकमेकांच्या डोळ्यांत बघत उभं असलेलं नवं जोडपं दचकून दूर झालं. त्यांचा फोटो काढणारा माणूस मात्र वाळूत होता तसाच राहिला. त्याने कॅमेऱ्यामागून तोंड बाहेर काढलं, तिला नीट न्याहाळलं आणि अगदी शांतपणे म्हणाला,

"मॅडम, त्या दोघांचं लाजणं थांबवायला पाऊण तास गेला हो. आता परत पहिल्यापासून."

"वर बघा," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. वर छत्री होती. गावातले सगळे त्या खडकाला छत्रीच म्हणत. सपाट, ओसाड रानात तो एकटाच उभा होता. डोकं दुमजली घराएवढं, आणि ते पेलणारी मान इतकी बारीक की चार माणसांनी हात धरले तर कवेत यावी.

"रोजच बघतो," तो म्हणाला. "काय झालंय तिला?"

"अजून काही झालं नाही. म्हणून तर भीती वाटते."

तो उठला, कपड्यांवरची वाळू झटकली आणि हसला. ते हसू तिला अजिबात आवडलं नाही. निदान जीपकडे परत जाताना तिने स्वतःची तशी समजूत घातली.

ती भूगर्भ खात्यातली. छत्रीच्या मानेला भेग पडली आहे अशी तक्रार गेली, म्हणून खात्याने तिला तीन महिन्यांसाठी पाठवलं होतं. भेगेवर लक्ष ठेवायचं आणि शेवटी अहवाल द्यायचा, जागा लोकांना उघडी ठेवावी की कुंपण घालून बंद करावी. तोवर ती उघडीच राहणार होती. ऑफिसात तिला सगळे 'काळजीवाहू' म्हणत. पंखा फिरत असेल तर ती त्याच्या बरोबर खाली बसायची नाही. लिफ्टमध्ये शिरायच्या आधी आत किती माणसं आहेत ते बघायची. लोक हसायचे, पण धोकादायक दगडांची कामं साहेब तिलाच द्यायचे.

आणि तो फोटोवाला. बाजारात त्याचा छोटा स्टुडिओ होता, पण त्याचं पोट भरायचं ते छत्रीवर. लांबलांबून जोडपी यायची. संध्याकाळचं ऊन मानेवर पडलं की दगड मधासारखा दिसायचा, आणि त्या दगडाखाली उभं राहिलं की कुठलंही जोडपं देखणंच दिसायचं.

"छत्री बंद झाली तर मी उरलो पासपोर्टपुरता," पहिल्याच सोमवारी तिच्यासाठी शिडी धरता धरता तो म्हणाला. "हनुवटी खाली. हसू नका. पुढचा या."

ती शिडीवर चढून भेगेवर आडव्या काचपट्ट्या बसवत होती. दोन्ही टोकांना प्लास्टर, मधे काच. खडक केसभर जरी हलला तरी काच तडकणार आणि खडकाचं बिंग फुटणार. दर सोमवारी येऊन काचा बघायच्या, एवढंच काम.

"पण मान एवढी बारीक झाली कशी?" त्याने विचारलं.

"वाऱ्याने. वारा वाळू उचलतो, पण तिला फार उंच नेता येत नाही. मग ती खालच्या खालीच घासत बसते. वरच्याला काही होत नाही, खालचा झिजत जातो."

"आमच्या घरी असंच आहे. थोरला भाऊ वर, मी खाली."

तिला हसू आलं. प्लास्टरचा हात तोंडावर गेला आणि नाकाला पांढरा ठिपका लागला. तो त्या ठिपक्याकडे बघत राहिला... आणि बोलला काहीच नाही. संध्याकाळी आरशात बघितल्यावर तिला कळलं, आणि मग तिला रागही आला आणि आणखीही काहीतरी आलं.

सोमवार सरत गेले. काचा बघून झाल्या की तो तिला आसपासचं रान दाखवायला न्यायचा. चंद्रकोरीसारख्या वाळूच्या टेकड्या, ज्या वाऱ्याबरोबर हळूहळू सरकत असतात. काळ्या चकचकीत गोट्यांचं पठार, जिथे वाळू उडून गेली आणि दगड तेवढे मागे राहिले. त्याला सगळीकडे फोटोची जागा दिसायची, तिला सगळीकडे धोका दिसायचा. एकदा डबा खायला तो कोरड्या नदीच्या पात्रात मस्त सावली बघून बसला. ती काठावरच उभी.

"या की. पाणी बघून वर्षं झाली या नदीला."

"वर डोंगरात पाऊस झाला तर इथे आभाळ कोरडं असतानाही लोंढा येतो. पळायलाही वेळ मिळत नाही."

त्याने निळ्याभोर आभाळाकडे बघितलं, मग तिच्याकडे. काहीतरी टोमणा मारेल म्हणून ती तयारीत राहिली. पण त्याने डबा उचलला, चढ चढून वर आला आणि उन्हात तिच्या शेजारी बसला. त्या दिवशी भाजी तिखट होती की अळणी, हे तिला नंतर आठवेना.

तिथूनच त्यांनी तो पाऊस बघितला. लांब, डोंगरांच्या अलीकडे, एका ढगातून करड्या धारा सुटल्या होत्या. पण त्या जमिनीपर्यंत पोचतच नव्हत्या. कोरडी हवा त्यांना मधल्या मधे पिऊन टाकत होती.

"असा पाऊस बघितला की मला काही माणसं आठवतात," तो म्हणाला.

"कुठली?"

"निघतात... पण पोचत नाहीत. काहीतरी बोलायचं असतं, ओठापर्यंत येतं, आणि मग म्हणतात, बरं, मी काचा बघून येते."

तिचे कान तापले. "बरं," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावत बसली.

प्रेमात पडल्याचं तिला कळलं ते मात्र अशा गोड वेळी नाही. एका गुरुवारी संध्याकाळी ती आपल्या भाड्याच्या खोलीत बसली होती आणि खिडकीची झडप आपटली. वारा सुटला होता. ऊन मधासारखं झालं होतं. म्हणजे तो आत्ता छत्रीखाली असणार, पालथा पडलेला, शीळ घालत. तिच्या पोटात गोळा आला. तिने फोन लावला.

"वारा सुटलाय."

"हो मॅडम, केसांचे फोटो झकास येतायत."

"बाहेर या ना... प्लीज."

पलीकडे वाळूतली पावलं, मग गाडीचं दार. "आलो. बसलो गाडीत. आता श्वास घ्या."

त्यानंतर तो रोज संध्याकाळी स्वतःहून फोन करायचा. "पोचलो घरी." एवढंच. आणि तो फोन येईपर्यंत तिला चहासुद्धा जायचा नाही.

काळजी तिला नवी नव्हती. पण आता तिला कळेना, की यातली खडकाची काळजी किती आणि या माणसाची किती. काचा सगळ्या शाबूत होत्या. तरी 'बंद करा' असं लिहावंसं वाटे, म्हणजे तो सुरक्षित राहील. मग वाटे, त्याची भाकरी हिसकावून आपण त्याला वाचवणार, आणि तो आपलं तोंडही बघणार नाही. 'उघडी ठेवा' लिहावं, तर उद्या तो दगड... तिच्याने पुढचा विचार करवत नसे. अशा जिवाच्या घालमेलीत तीन महिने संपत आले आणि साहेबांचा फोन आला. काचा ठीक आहेत ना, मग सोमवारी शेवटचं बघ आणि अहवाल पाठव. पुढचं काम समुद्राकाठी आहे, कड्याचं.

शेवटच्या सोमवारी ती शिडीवर चढली आणि मधली काच फुटलेली दिसली.

तिच्या छातीत धस्स झालं. आणि लगेच, त्या धडधडीतच, आनंदाची एक उकळी आली. काच फुटली, म्हणजे खडक हलला, म्हणजे लक्ष ठेवायला आणखी तीन महिने राहायचं. मग तिने वाकून नीट बघितलं. खडकाने फोडलेली काच भेगेच्या रेषेत सरळ तडकते. ही एका जागेपासून चहूकडे चिरत गेली होती. कुणीतरी ठोकली होती.

ती खाली उतरली. तो शिडी धरून उभा होता आणि त्याची नजर वाळूत होती.

"तुम्ही फोडलीत."

"हो."

"का?"

"काचा शाबूत राहिल्या की तुम्ही जाणार," तो म्हणाला. "दुसरं काही सुचलं नाही."

"अहो, त्या काचेवर मी जागा बंद केली असती. तुमचाच धंदा बुडाला असता. एवढी अक्कल..." तिचा आवाज चिरकला. "माझ्या भीतीशी खेळलात तुम्ही."

"खेळलो नाही. धंदा बुडाला असता हे कळत होतं. कळूनच फोडली."

ती खूप चिडली होती. त्याला तिथेच सोडून निघून जावं असं वाटत होतं. पण ती मघाची उकळी तिला विसरता येत नव्हती. खडक हलला म्हणून आपल्याला आनंद झाला. असा आनंद ज्याला होतो, त्याने अहवाल लिहायचा नसतो. हे एकदा लक्षात आल्यावर पुढचं सरळ होतं. तिने त्याच्यासमोरच साहेबांना फोन लावला.

"साहेब, छत्रीचा अहवाल मला लिहिता येणार नाही. दुसरं कुणीतरी पाठवा."

"का गं? काच फुटली?"

"एक फुटली. पण ती खडकाने नाही फोडली."

"मग? बरी आहेस ना?"

"तब्येत बरी आहे. साहेब... इथे खडकाखाली एक माणूस रोज उभा असतो. तो मला आवडतो. आता मी उघडी ठेवा लिहिलं काय नि बंद करा लिहिलं काय, माझ्या लिहिण्यावर विसंबता येणार नाही."

शिडी किंचित वाजली, कारण ती धरणाऱ्याचा हात सुटला होता.

"माणूस भरवशाचा आहे का?" साहेबांनी विचारलं.

तिने त्याच्याकडे बघितलं. "नाही साहेब. काच त्यानेच फोडली."

साहेब खोकले की हसले, कळलं नाही. "दुसऱ्याला पाठवतो. महिना तरी जाईल. तोवर सगळीकडून दोर बांध, कुणाला खाली जाऊ देऊ नकोस. आणि आधी त्याला बाहेर काढ."

जीपमध्ये दोर होते. तिने खुंट्या ठोकल्या, खडक कोसळला तरी पोचणार नाही इतक्या लांब. महिनाभर त्याला काम नाही हे तिने त्याला नीट सांगितलं, आणि अहवाल काय येईल ते आता आपल्या हातात नाही हेही. त्याने मान हलवली. एक दोर घेऊन तो डावीकडून निघाला, दुसरा घेऊन ती उजवीकडून. खडकाच्या मानेआड गेला की तो तिला दिसेना, फक्त वाळूतली पावलं ऐकू येत होती. मागच्या बाजूला दोघं समोरासमोर आले तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय झालं?"

"पोटात गोळा आलाय."

"राग आलाय का? धंद्याचा?"

"धंद्याचं बघू. मॅडम, तुम्ही मला आवडता. पहिल्या दिवसापासून. ते बोलायला हवं होतं तर मी काच फोडत बसलो. आणि आता... तुम्ही उद्या सकाळी उठाल, थंड डोक्याने विचार कराल आणि म्हणाल, काल घाईत बोलले. तसं झालं तर? मला आयुष्यात अशी भीती वाटली नव्हती हो."

दुमजली दगडाखाली शीळ घालत पडणारा हा माणूस. तिला त्याची दया आली, आणि इतका आनंद झाला की रडू येईल की काय असं वाटलं. तिने दोन्ही दोरांची टोकं एकत्र बांधली आणि त्याचा गार पडलेला हात धरला.

"काळजी करू नका," ती म्हणाली. असं वाक्य आपल्या तोंडून निघू शकतं, हे तिला तेव्हा कळलं.