आईला न विचारलेला प्रश्न

"आज कॉलेज नाय नि बिलेज नाय! पयले डोळे, मग तुजं शास्त्र!"

गिरजाबाई कारखान्याच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या आणि पिशवी खांद्याला लावून निघालेली हौसा जागच्या जागी थिजली. आत फळ्यांवर गणपतींच्या रांगा होत्या... पितांबर पिवळे झालेले, शेले रंगलेले, सोंडेवर नक्षी उमटलेली. फक्त डोळे तेवढे कोरे! गणेशोत्सवाला सहा महिने असले तरी घाऊक मालासाठी पनवेलचा व्यापारी संध्याकाळीच टेम्पो घेऊन यायचा होता. आणि आजच, नेमकी आजच, रोह्याच्या कॉलेजात बारावीच्या समाजशास्त्राच्या प्रकल्पाची तोंडी परीक्षा होती.

हौसाची वहिनी मैना ओटीवर लेकीला काजळ घालत बसली होती. आवाजानं रंभा दचकली, वळवळली; पण आईचं बोट तिच्या पापणीच्या कडेवरून अलगद फिरतच राहिलं.

"आणि तू गो!" सासूबाईंची नजर तिच्याकडे वळली. "तूच भरवलंस ना पोरीच्या डोक्यात? समाज काय शिकायला लागतो? आपल्या जोह्यात चार घरं फिरली की दिसतो समाज! पर नाय... नणंद भायेर गेली की कारखाना तुज्या हातात, व्हय ना?"

मैनाच्या काळजात कुणीतरी सुरी फिरवावी तसं झालं. कारखाना! हा संशय मनात घेऊन या घरातली माणसं दोन वर्षं तिच्या हातचं जेवत होती...?

हौसा दहावी पास झाली त्या उन्हाळ्यात तिनं मैनाची बी.ए.ची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि दुसऱ्याच दिवशी धावत आली होती, "वहिनी, ह्यात तर आपल्यासारख्या घराबद्दल लिवलंय गो! कुणी काय काम करायचं, कुणी ठरवायचं... मी हाच विषय घेणार!" जवळच्या कॉलेजात कला शाखेला इतिहास होता, भूगोल होता, समाजशास्त्र मात्र रोह्याला. जिते स्टेशनावरून रोज गाडीनं जायचं. आणि त्याच दिवसांत मैनाला बी.एड.ला प्रवेश मिळाला होता! कारखान्यातून दोघी निघाल्या तर मूर्ती घासून गुळगुळीत कोण करणार, रंग कोण भरणार? मैनाचा नवरा गोविंदा तर कंपनीच्या शिफ्टमध्ये अडकलेला. तेव्हा मैना म्हणाली होती, "हौसाला जाऊ दे. रंभा लहान आहे, माझं पुढं बघू." ...पुढं कधीच बघितलं गेलं नाही. प्लास्टरच्या धुरळ्यात ती दिवसभर राबली. एक कान सतत पाळण्याकडे, लेक खोकली की जीव टांगणीला! आणि तरी हौसा संध्याकाळी येऊन आज काय शिकवलं ते सांगू लागली, की आपणच वर्गात बसलो आहोत असं वाटून तिचं मन कृतज्ञतेनं भरून यायचं.

फक्त एक काम करायची तिला परवानगी नव्हती. डोळ्यांची आखणी! या घराण्याचा नेमच होता. रंग कुणीही भरावा, पण डोळे घरच्या रक्ताच्या माणसानंच आखायचे, सुनेनं त्या कुंचल्याला हात लावायचा नाही. सासरे हैबतराव गेले. गोविंदाचा हात जड, त्याचा डोळा तिरका यायचा. उरली एकटी हौसा.

"सासूबाई," मैना कशीबशी बोलली, "तिला जाऊ द्या. वर्षाचं नुकसान होईल..."

"आणि टेम्पो रिकामा जाईल त्याचं?"

हौसानं पिशवी खाली ठेवली. डोळे भरून आले होते, पण आवाज विलक्षण शांत होता. "नाय जात मी. पण माजा प्रकल्प तसा बी अपुराच हाय, आई. कारखान्यात कोण काय काम करतं नि का, हा विषय. वाडीतल्या समद्या बायांना विचारलं. शेजारच्या हमरापुरातल्या कारखान्यांत जाऊन आले. फक्त तुला विचारायचं धाडस झालं नाय."

"मला? मला काय विचारायचंय?"

"तू चाळीस गणपती एका दिवसात रंगवायचीस म्हणतात. मग डोळे का नाय गो आखलेस कधी?"

गिरजाबाईंचा हात दाराच्या चौकटीवरच राहिला. त्या कडक चेहऱ्यावरून कितीतरी वर्षांची छाया सरकून गेली...

"मागितला होता कुंचला," त्या अखेर म्हणाल्या. "तुज्या आज्याकडं. म्हणाला, परक्या घरची पोर तू, तुज्या हातानं देव बघायचा नाय. मी समद्या मूर्त्या रंगवायची नि आखणीच्या वक्ताला मला चुलीकडं पाठवायचे! त्याच्यानंतर कुणी इचारलंच नाय गो मला... आज तू इचारतेस!" आणि पदर तोंडाला लावून त्या हुंदका देऊन रडल्या.

मैना धावली. सासूला मिठीत घेताना तिचेही अश्रू आवरेनात. तेवढ्यात गिरजाबाईंनी तिचं मनगट धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं.

"आणि मी तुला तेच केलं! मगाशी बघत होते मी. एवढी बोंब मारली, पोर दचकली, पर तुजा हात नाय हलला. हलत्या पोरीच्या डोळ्यांत काजळ घालतेस... हा गणपती तर पाटावर गप बसलाय बिचारा!"

त्यांनी फळीवरचा बारीक कुंचला उचलून मैनाच्या हातात दिला आणि रंभाला आपल्या कडेवर घेतलं. "हौसे, बघत काय उभी ऱ्हायलीस? पयला डोळा वहिनीला दाखव नि पळ! गोविंदाऽ, रातपाळीची झोप पुरे, हिला ठेशनावर सोड, गाडी चुकली तर तुजंच डोकं फोडीन!"

रडता रडता सगळेच हसले.

संध्याकाळी टेम्पो भरून गेला. परतलेली हौसा दारातूनच ओरडली, "आई, तुजं उत्तर वाचून दाखवलं मी! बाई म्हणाल्या, हाच तुजा प्रकल्प!"

ती आत शिरली. कोपऱ्यात गिरजाबाई एका लहान मूर्तीसमोर मांडी घालून बसल्या होत्या. मैना त्यांचं मनगट खालून हलकेच धरून होती, आणि मांडीवरची रंभा टक लावून पाहत होती. एक डोळा आखून झाला होता, किंचित मोठा. दुसरा आता उमटत होता.

"वाकडा झाला काय गो, मैना?"

"नाही आई," मैना म्हणाली. सासूबाई हा शब्द त्या दिवशी तिच्या तोंडी पुन्हा आला नाही. "सगळं बघणारा झालाय."

"तर मग हा इकायचा नाय. यंदा आपल्या घरात हाच बसेल." त्यांनी कुंचला पाण्यात बुडवला. "आणि जूनला तू रोह्याला जा, त्या तुज्या बी.एड.ला. पोर माज्याकडं ऱ्हाईल. काजळ मात्र तू घालून जायचं... माजा हात अजून कच्चा हाय."