पुढं चाललेला माग

म्हैसमाळच्या पठारावर माग काढण्यात सांडूचा हात धरणारा कुणी नव्हता. ओल्या मातीतलं पाऊल बघून जनावर केव्हा गेलं, दमलं होतं का, सगळं सांगायचा. पण त्या सकाळी त्याचं डोकं नुसतं पेटलं होतं.

धाकटा भाऊ बन्सी आठ दिवस ठाण्यात, दोन्ही पाय लाकडी खोड्यात. गुन्हा काय, तर निजामाच्या शिकारगाहीत, त्याच्या राखीव रानात, ससा मारला. एक ससा! आणि हैदराबादेहून आलेले साहेब त्याच शिकारगाहीत माळढोक मारायला निघालेले. वर सांडूलाच बजावतात, "आज परिंदा दिखाव, भाई को छोडते. नहीं तो छे महिने औरंगाबाद की जेल."

माळढोकाची जागा सांडूला ठाऊक होती. साहेबांना मागं ठेवून तो कुसळी गवतात वाकून शिरला. पाखरू नुकतंच उठलेलं, बसल्या जागेचं गवत अजून उबदार. शेजारी माणसाची अनवाणी पावलं. डाव्या पायाला करंगळी नव्हती.

बन्सीचाच पाय!

पळाला व्हय भाड्या? मग गुमान घरी जायचं! सांडूनं दात खाल्ले आणि दुसरी जागा धरली. तिथंही तेच. तिसऱ्या जागी ठशात पाणी अजून झिरपत होतं, म्हणजे माणूस हाकेच्या अंतरावर. गुडघाभर गवताचं उघडं पठार, आणि त्यावर चिटपाखरू नाय.

"बन्स्या, तुझ्यासाठी मी मरतोय, अन् तूच पाखरं उठवतोस?" सांडू बेंबीच्या देठापासून ओरडला.

मागून आलेल्या साहेबांनी बंदूक खांद्याला अडकवली. "जेल," एवढंच म्हणाले.

सांडू तरातरा ठाण्यात गेला. दारात करीम शिपाई बसला होता.

"बन्सीला कधी सोडला?"

"येडा झाला का? आठ दिवस खोड्याचं कुलूप उघडलं नाय. चावी बड्या साहेबांकडं."

आत बन्सी होता. दोन्ही पाय खोड्याच्या फळीत अडकलेले, पावलं तेवढी बाहेर.

"तू गेला व्हतास?"

बन्सीनं मान खाली घातली. "माळढोकाची मादी अंड्यावर बसलीय, दादा. वर्षाला एकच घालती."

"अन् तुझे सहा महिने?"



सांडूनं थोबाडीत द्यायला हात उगारला. मग नजर खाली गेली.

तळवे ओल्या मातीनं माखले होते.

डाव्या टाचेत कुसळ रुतलं होतं. सांडूनं ते हळूच उपटलं. टोक अजून हिरवं होतं.