उंटदरीचं गिऱ्हाईक

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या आत्यासोबत, तेही भर दुपारी.

इगतपुरीची उंटदरी. गेल्या श्रावणातला रविवार.

भागुआत्या तिथे कठड्याला लागून कणसं भाजते. जागा मोक्याची. दरी बघायला आलेला जो तो तिथेच फोटो काढतो. आधीच्या दोघा कणीसवाल्यांनी ती जागा एकाएकी का सोडली, कोणी धड सांगेना. आत्याने मात्र हट्टाने तिथेच शेगडी मांडली. तिचे यजमान गेल्यापासून घर त्या शेगडीवरच चालत होतं. एकदा उठलं की जागा दुसऱ्याची, असा तिथला रिवाज.

त्या दुपारी धुकं उतरलं. नेहमीचंच. माणसं गाड्यांत जाऊन बसली.

मग घाटातल्या रेल्वेचा आवाज थांबला...

निखाऱ्यांची तडतडसुद्धा.

"मावशी... एक कणीस."

"देते, बाबा," म्हणत आत्याने मान वर केली.

समोर कोणीच नव्हतं. आवाज कठड्याच्या पलीकडून आला होता.

पलीकडे तर नुसती दरी!

"मीठ लावू नको..."

आत्याच्या हातातला पंखा गळाला. अशांना मीठ चालत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

शेजारचा चहावाला फकिरा ओरडला, "भागुबाई, उठा! त्या दोघांनाबी ह्येच ऐकू आलं व्हतं!"

"मंग आधी का नाय बोलला?" आत्या उखडली. भीती तिलाही वाटत होती, आणि त्या भीतीचाच तिला फार राग आला. "आता तर नायच उठायची!"

तिने लिंबाची फोड मिठात बुचकळली, कणसावर घसाघसा चोळली आणि कणीस कठड्यावर ठेवलं.

"माझ्याकडं मीठ लावूनच मिळतं! खायचं तर खा, नाय तर वाटंला लाग. ही जागा माझी हाय!"

आणि ती पुढचं कणीस सोलायला लागली.

हळूहळू धुकं विरलं. खाली आगगाडीची शिट्टी वाजली. कठड्यावरच्या कणसाला एकही दाणा उरला नव्हता.

आत्याने सुटकेचा श्वास सोडला... आणि तिच्या कानाशी, कठड्याच्या अलीकडून, कोणीतरी हलकेच म्हणालं,

"झोंबलं गं..."

"झोंबणारच!" आत्या खेकसली. तिने दुसरं कणीस शेगडीवर टाकलं.

परवा मी तिथे गेलो होतो. आत्या तिथेच बसते.

"भीती नाही वाटत?"

"वाटती की. रोज वाटती. म्हनून काय पोरांच्या तोंडचा घास सोडू?"

अलीकडे आलेलं ते पुन्हा पलीकडे गेलं का, हे विचारायचं धाडस मात्र मला झालं नाही.