पोलोन्नरुवाचं पाणी

वैशाखातल्या दुपारी आसाराम खर्ड्याहून कापूर घेऊन घरी आला, तेव्हा त्याच्या आईचा, मुक्ताबाईचा, जीव अजून घुटमळतच होता. नऊ दिवस पोटात कण नाही आणि श्वास काही सुटेना. गाव म्हणे, म्हातारी रामेश्वराच्या तीर्थासाठी अडून बसलीय. ते एकोणीसशे पंचेचाळीस साल. आसाराम पलटणीबरोबर लंकेत होता, आणि रजेवर येताना तीर्थ आणतो असा शब्द त्यानंच दिलेला.

त्यानं आणलेल्या बाटलीत पाणी होतं खरं. पण धनुष्कोडीला बोटीतून उतरल्याबरोबर शिपायांना गाडीत कोंबलं, रामेश्वर राहूनच गेलं. बाटलीतलं पाणी होतं पोलोन्नरुवाच्या तळ्याचं. तिथं लंकेच्या जुन्या राजांची राजधानी होती. आता नुसतं रान, पडके स्तूप, खडकात कोरलेला निजलेला बुद्ध आणि नजर पोचणार नाही एवढं तळं. पाणी भरताना एका म्हाताऱ्या भिक्षूनं त्याला अडवलं होतं. हजारो माणसांनी डोक्यावर माती वाहून हे तळं बांधलं, इथलं पाणी इथल्या शेताचं. ते बाहेर नेऊन जो पिईल त्याला बांधावर कामाला यावं लागतं, असं पलटणीच्या दुभाष्यानं सांगितलं. दुष्काळी कामावर खडी फोडून वाढलेला आसाराम त्यावर पोट धरून हसला होता.

आज हसू येत नव्हतं. थोरली बहीण लंकाबाई तुळशीचं पान घेऊन उशाशी बसली होती. तीर्थ रामेश्वराचंच ना, असं तिनं विचारलं आणि त्यानं मान डोलावली. मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलू नये म्हणतात. तोंडानं तो बोलला नाही एवढंच.

तुळशीच्या पानावरून दोन थेंब म्हातारीच्या घशाखाली गेले. तिनं डोळे उघडले. बाहेर ऊन रणरणत होतं, ओढा दोन वर्षं कोरडा, आणि घरात ओल्या गाळाचा वास भरू लागला.

"लई मोठं तळं हाय रं..." ती पुटपुटली. "पाटी जड हाय... बांध पुरा झाल्याबिगर सोडत न्हाईत म्हनं..."

तिची मान उशीत रुतत चालली. वरून कोणी दाबावं तशी. वात झालाय, असं म्हणून लंकाबाई सुंठ आणायला उठली. उभ्या जन्मात शिवेबाहेर न गेलेल्या आईला आपण कुठं धाडलं, ते आसारामला मात्र पुरतं कळलं. तो तिच्या कानाशी वाकला.

"आये, माजं चुकलं. ते पानी रामेश्वराचं न्हवतं. तुजी पाटी मला दे."

मग नऊ दिवस न हललेले दोन्ही हात वर आले आणि त्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवून बाजूला झाले.

"नीट धर," ती म्हणाली, आणि तिचा श्वास अलगद सुटला. चेहरा कसा शांत झाला.

तीर्थ फळलं, असं गाव म्हणालं. रडून झाल्यावर लंकाबाईनं भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून उभा होता, एक हात डोक्याशी धरलेला. हात खाली घे, असं ती दोनदा म्हणाली.

"पाटी न्हाई ठिवता येत, अक्का... बांध अजून लांब हाय."

त्याच्या कानामागून मातकट पाण्याचा ओघळ उतरत होता. तिनं तो पदरानं पुसला. तो पुन्हा आला.