ज्याचा संबंध असेल, त्यानं सांगावं

चला, डोळे मिटा. मिटलेत? आता एक चार मजली इमारत मनात उभी करा. खाली गाड्या लावायची जागा, मधोमध जिना, जिन्याला लागून लहानशी लिफ्ट... चार माणसांची म्हणायची, पण मावतात तीनच. एकेका मजल्यावर चार दारं. म्हणजे किती घरं? बरोबर, सोळा. या सोळा घरांची मिळून एक सोसायटी. सोसायटी म्हणजे काय, तर सगळ्यांनी मिळून ठरवायचं आणि मग सगळ्यांनी मिळून कुरकुरायचं. लिफ्टशेजारी एक फळा आहे. त्यावर वळणदार अक्षरात बारा नियम लिहिलेत. समोरच्या कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. जिना मोकळा ठेवावा. घरात व्यवसाय करू नये. वाचता येतायत ना? मग आता जिना चढा, तिसऱ्या मजल्यापर्यंत.

तिथं खिडकीखाली एक तरुणी बसली आहे. तिच्यापुढं लाकडी खुर्ची आहे, बैठक नसलेली, नुसती चौकट. बादलीत भिजवलेल्या वेताची पट्टी ती चौकटीच्या भोकातून ओवते, हलकेच ताणते, खुंटी ठोकते. तिच्या मागं आणखी तीन खुर्च्या पायऱ्यांवर वाट बघत उभ्या आहेत. इमारतीत सगळे तिला वेतवाली म्हणतात. सहा महिन्यांपूर्वी तिची आत्या वारली आणि हे घर तिच्या नावे झालं. काम करायची ती घरातच. पण संध्याकाळी उजेड चांगला असायचा तो इथं, जिन्यात.

त्या संध्याकाळी तो जिना चढून आला.

"जरा वाट देता का?"

"आहे की वाट," ती वर न बघताच म्हणाली. "अंग चोरून जा. सगळे जातात."

"सगळे जातात. पण स्ट्रेचर जाणार नाही."

आता तिनं मान वर केली. किडकिडीत, उंच माणूस. काखेत कागदांची लांब गुंडाळी. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं.

"रोज स्ट्रेचरवरून येता का घरी?"

यावर कुणीही हसलं असतं. तो हसला नाही. "नियम क्रमांक चार," एवढंच म्हणाला.

"अच्छा... म्हणजे तुम्हीच ते — नियमावली?"

"सेक्रेटरी."

"लोक तर नियमावली म्हणतात."

"माझ्यामागं म्हणतात. तोंडावर म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्या." तो आडवा होऊन पुढं सरकला, आणि त्याची गुंडाळी नेमकी त्या बिनबैठकीच्या चौकटीत अडकली. तो ओढायला लागला. ती म्हणाली, "ओढू नका, फाटेल," आणि तिनं ती अलगद सोडवून दिली. दोघांची बोटं क्षणभर एकाच कागदावर होती. तिच्या बोटांच्या ओल्या ठशांनी कागद फुगला.

"कसले आहेत हे?"

"पाण्याच्या नळांचे नकाशे. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात नकाशे काढतो."

"मग थोडं पाणी लागलं तर काय बिघडलं?"

तो जरासा... अगदी जरासा हसला आणि वर गेला. खुर्च्या मात्र तिनं हलवल्या नाहीत. नियम सांगायला आला, आणि गेला. अशांना किती दिवस जुमानायचं?

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना त्याची भाची तिच्याजवळ थबकली. नऊ वर्षांची, अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला बिटकी म्हणायचे. बिटकीचे वडील जहाजावर कामाला. ती मामाकडंच राहायची. बिटकीनं चारही खुर्च्यांकडं पाहिलं आणि पाठ भिंतीला लावून, पाय उचलून-उचलून ती वर जाऊ लागली.

"अगं, ये की सरळ. खुर्ची चावत नाही."

"नको मावशी." बिटकी म्हणाली. "जिन्यात काही असलं की मी अशीच जाते."

"का गं?"

"माझ्या आईला खाली न्यायचं होतं ना, तेव्हा जिन्यात मोठं कपाट होतं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. मग सगळे ते कपाट हलवत बसले... खूप वेळ. मग आई गेली."

वेतवालीच्या हातातली पट्टी तशीच राहिली. बिटकी वर गेल्यावर ती उठली आणि एकेक खुर्ची उचलून घरात घेऊन गेली. मग हात पुसून चौथ्या मजल्यावर गेली आणि बेल वाजवली.

"खुर्च्या काढल्या," दार उघडताच ती म्हणाली. "काल मी जे बोलले ना, ते... मला माहीत नव्हतं."

"कसं माहीत असणार?"

"कुणाचं होतं हो ते कपाट?"

त्यानं दाराच्या चौकटीला हात लावला.

"माझंच," तो म्हणाला. "पॉलिश करायला बाहेर काढलं होतं. दोन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. कुणाला काय त्रास होणार आहे? डॉक्टर म्हणाले, दहा-पंधरा मिनिटांनी फरक पडला नसता. डॉक्टर तसं म्हणतातच." मग थांबून म्हणाला, "तेव्हापासून मी स्वतःला कशातच सवलत देत नाही. लोकांना त्याचा जाच होतो, हे कळतं मला."

माणूस समजला की त्याचा नियमही वेगळा दिसायला लागतो. त्या रात्री वेतवालीला आत्याची आठवण झाली. दारातलं वर्तमानपत्र दहापर्यंत कुणी उचललं नाही, तर शेजाऱ्यानं बेल वाजवायची. हाही फळ्यावरचाच नियम, नववा. त्या नियमामुळंच न्हाणीघरात पडलेली आत्या वेळेवर सापडली होती आणि पुढं दोन वर्षं सुखानं जगली होती. तिनं हा विचार कधी केलाच नव्हता. आपल्याला टोचतं तेवढंच आपल्याला दिसतं.

पुढं काय झालं, तुम्ही ओळखलंच असेल. शाळा सुटली की बिटकी मावशीकडं बसू लागली. सहा वाजता मामा तिला न्यायला येऊ लागला. आधी दाराबाहेर उभा राहायचा. मग दारात. मग बादलीशेजारच्या स्टुलावर.

"नुसते बसू नका, ही पट्टी धरा," एकदा ती म्हणाली. "अहो, इतकी नाही ताणायची!"

"सैल राहील ना."

"ओला वेत सुकताना आपोआप आवळतो. आत्ताच ताणलात तर मग तुटेल. धीर धरायला नको का माणसानं?"

"मी धीर धरूनच बसलोय," तो खाली बघत म्हणाला. "दोन महिने झाले..."

बाहेर बारीक पाऊस लागला होता आणि खिडकीच्या पत्र्यावर थेंब टपटपत होते. बिटकीनं पाढे पाठ करणं थांबवून दोघांकडं पाहिलं, आणि पुन्हा जरा जोरातच सुरू केलं.

अशातच दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लेखी तक्रार दिली. घरात व्यवसाय चालतो. लोक खुर्च्या घेऊन लिफ्टमध्ये चढतात. ओल्या वेताचं पाणी लिफ्टमध्ये सांडतं. काका घसरता घसरता वाचले होते, हेही खोटं नव्हतं. नियम सात स्पष्ट होता. तिच्यापुढं दोनच वाटा उरल्या. काम बंद करायचं, नाहीतर घर सोडायचं. काम बंद केलं तर खायचं काय? आणि बाहेर कामाला जागा शोधायची, तर हे घर भाड्यानं देऊन दूर कुठंतरी स्वस्त जागेत राहायला जावं लागणार.

तिनं अर्ज केला, की हातानं होणाऱ्या, आवाज न करणाऱ्या कामाला सवलत द्यावी. मग ती घरोघर जाऊन बोलली. सभेच्या आदल्या संध्याकाळी तिचा हिशेब पक्का झाला होता.

"सहा घरं माझ्या बाजूनं. सहा काकांच्या," ती म्हणाली. "आणि तुम्ही धरून माझी सात." तिनं मान तिरकी करून विचारलं, "तुमचं मत माझंच आहे ना?"

तो वेताच्या पट्टीकडं बघत राहिला.

"सवलत मिळायला हवी, असंच मला वाटतं," तो सावकाश म्हणाला.

"मग झालं तर."

तो आणखी काही बोलणार होता. पण... बोलला नाही.

रविवारी सकाळी गाड्या बाहेर काढून खाली खुर्च्या मांडल्या. पंधरा घरांतली माणसं आली. एक घर कायम बंदच असायचं. अध्यक्ष म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. समोरच्याला तोंड उघडायला लावायची आणि गप्प बसवायची, दोन्ही सवयी त्यांना होत्या.

मत घेण्याआधी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. फार वर्षांपूर्वी एका गृहस्थांनी स्वतःच्याच मताच्या जोरावर गाडीसाठी सावलीतली जागा मिळवली होती, तेव्हापासूनची ही पद्धत. "या ठरावात कुणाचा स्वतःचा संबंध आहे का? असेल त्यानं सांगावं, आणि मत देऊ नये."

"माझा," वेतवाली म्हणाली. काही जण हसले. तिचाच तर ठराव होता.

"आणखी कुणाचा?"

या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. डॉक्टरीणबाई पुढं बोलणार, तेवढ्यात सेक्रेटरीनं हातातलं पेन वहीवर ठेवलं आणि तो उभा राहिला.

"माझा आहे."

"तुमचा कसा? तुमचं घर चौथ्या मजल्यावर."

"घराचा नाही." त्याचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "त्या इथून जाऊ नयेत, असं मला वाटतं. शेजारी म्हणून नाही... माझ्यासाठी. त्यामुळं माझं मत निष्पक्ष नाही. मी मत देणार नाही."

वेतवाली त्याच्याकडं बघतच राहिली. जे ऐकायची ती कित्येक संध्याकाळी वाट बघत होती, ते त्यानं सांगितलं होतं. आणि ते सांगण्यातच तिचं सातवं मत गेलं होतं.

सहा हात वर झाले. मग दुसरे सहा. बरोबरी झाली तरच अध्यक्षांनी मत द्यायचं, आणि ते चालू नियमाच्या बाजूनं द्यायचं, असा रिवाज. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. "नियम आहे तसा राहील. काम थांबवायला तीस दिवसांची मुदत," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "नियमच बदलायचा असेल, तर पाच घरांच्या सह्या आणा. पंधरा दिवसांत पुन्हा सभा घेईन. तेव्हा ठराव नीट लिहून आणा. सवलत मागताना काकांच्या अडचणीचा त्यात विचार कुठं होता?"

माणसं उठली. काका सेक्रेटरीजवळ येऊन घुटमळले.

"हे आधी सांगायचंत हो. मी तक्रार जरा सबुरीनं दिली असती."

"तक्रार खरी होती, काका."

"होती तर! कंबर मोडली असती माझी," असं म्हणत काका जिन्याकडं गेले.

खाली दोघंच उरली. आणि बिटकी, शेवटच्या पायरीवर.

"मला आधी सांगायचं होतंत," वेतवाली म्हणाली. "एकटीला."

"रोज ठरवायचो. रोज राहून जायचं."

"आणि सांगितलंत ते पंधरा घरांसमोर."

"हो."

"गप्प बसला असतात तरी कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं." तो थांबला. "कपाटाच्या वेळीही मी म्हटलं होतं, एवढ्यानं काय होतंय... रागावलात?"

"खूप." तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवायचा तिनं प्रयत्न केला नाही. "मला घर हवं होतं. आणि खोटं न बोलणारा माणूसही हवा होता. दोन्ही हवं होतं मला."

"माहीत आहे."

"आज एकच मिळालं." तिनं त्याचं वहीवर राहिलेलं पेन उचलून त्याच्या हातात दिलं, आणि हात मागं घेतला नाही. "तेवढं मी ठेवून घेते. कुठंही राहायला गेले तरी."

त्यानं तिचा हात फक्त धरून ठेवला — सैलसर, जसं तिनं पट्टी धरायला शिकवलं होतं तसा.

"मामा," पायरीवरून बिटकी म्हणाली, "सह्या मोठ्यांच्याच लागतात, पण कागद मुलांनी लिहिला तर चालतो का?"

"त्याबद्दल काही नियम नाही," मामा म्हणाला.

बिटकीनं मांडीवरची वही उघडली, पान फाडलं, आणि पायरीवर वाकून पेन्सिलनं लिहिलं. जीभ दातांत धरून, सावकाश, एकही काट न मारता. 'हातानं केलेलं, आवाज न करणारं काम घरात चालावं. पण जिन्यात काही ठेवू नये. आणि लिफ्टमध्ये पाणी सांडलं, तर ते लगेच स्वतः पुसावं.' खाली तिनं पाच रेघा आखल्या. मग मामाच्या हातातलं पेन मागून घेतलं, दुसऱ्या मजल्यावर गेली, आणि सगळ्यात आधी काकांच्या घराची बेल वाजवली.