उतरायचा राहिलेला हंडा

पोरं आली तेव्हा मी गोठ्यात वैरण टाकत होतो. शामकांत आणि नृसिंह, दोघंही संगमनेरच्या कॉलेजातली. रोज संध्याकाळी घाटापासून निघतात, नदीच्या वरच्या वाटेने चिंचांच्या सावलीतून माझ्या मळ्यापर्यंत फिरत येतात आणि ताक पिऊन परत जातात. मास्तर, वकील, दुकानदार, सगळेच त्या वाटेने फिरतात. चांगली वाट आहे. पण त्या दिवशी अंधार पडून गेला होता, आणि पोरांच्या विजारींना वाळू लागलेली होती.

"खालून आलात?" मी विचारलं.

"हो आबा, पात्रातून. निम्मी वाट वाचते," शामकांत म्हणाला. "आणि वर चिंचा दिसल्या की हा नृसिंह हलत नाही."

"खाली भूत आहे म्हणे," नृसिंह म्हणाला. "भेटायला गेलो, तर ते मेलं घरीच नाही."

मी हसलो नाही. त्यांना बाजेवर बसवलं आणि कंदील बारीक केला. परतताना वरून जा, एवढं सांगून भागलं असतं. पण तरुण पोरं कारण मागतात. म्हणून सांगितलं.

बन्सी माझ्या शेजारच्या मळ्यातला. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्याच वर्षी, दुष्काळी कामावर आम्ही शेजारी बसून खडी फोडली. खोटं बोलणारा माणूस नव्हे. मुळात बोलणाराच नव्हे.

त्या उन्हाळ्यात प्रवरेत पाणी नव्हतं. बायका पात्रातली वाळू उपसून झिरे काढत. छातीएवढा खड्डा, आणि तळाशी वाटीवाटीने साचणारं पाणी. हंडा भरायला अर्धा दिवस जाई. त्यामुळे एक रीत पडली होती. भरल्या हंड्यापाशी कुणी बाई उभी दिसली, तर वाटसरूने तो तिच्या डोक्यावर चढवू लागायचा. भांडणातल्या घरची असली तरी. त्याला कुणी नाही म्हणत नसे.

वैशाखातली अमावास्या उद्यावर आली होती. बन्सीचा लहानगा कानिफनाथ सकाळपासून ओकत होता, जुलाब थांबत नव्हते. दुपारनंतर त्याने रडणंही सोडलं. बन्सीची बायको गोजरबाई त्याला मांडीवर घेऊन बसली, आणि बन्सी औषधाला संगमनेरला गेला. दवाखान्यात ही गर्दी. तेव्हा घरोघरी तेच होतं. औषधाची बाटली हातात पडेपर्यंत दिवे लागले. डॉक्टर म्हणाले, "रात्रीतच पाजायला लागा. सकाळची वाट पाहू नका."

घाटावर ओळखीचा न्हावी भेटला.

"वरून जा, बन्सी. खालची वाट लोकांनी सोडली हाय."

बन्सीला ते ठाऊक होतं. थोड्याच दिवसांमागे लंकाबाई नावाची एक बाई झिरा खोल करायला उतरली आणि वाळू ढासळून तीत गाडली गेली. तिचंही पोर घरी आजारी होतं. पाठोपाठ तेही गेलं. मग बायकांनी त्या झिऱ्यावर बाभळीची फांदी टाकली आणि वरच्या अंगाला दुसरे झिरे काढले.

"मला येळ न्हाई," बन्सी म्हणाला, आणि पात्रात उतरला.

चंद्र नव्हता. पण वाळू पांढरी, पायाखालचं कळत होतं. निम्मं पात्र ओलांडलं आणि तो झिरा आला. फांदी बाजूला पडली होती. काठाला एक बाई उभी होती. पायाशी हंडा.

"दादा, जरा उचलू लागा."

बन्सी मला म्हणाला, "आबा, त्या वक्ताला मनात काय बी आलं न्हाई. बाई हाय, हंडा हाय. बाटली खिशात घातली आन हात लावला."

हंडा काठोकाठ भरलेला होता. जड होता. दोघांनी मिळून चढवला. हंडा चढवताना चार थेंब तरी अंगावर येतातच. एकही आला नाही. पाणी हललंच नाही.

"पोर कसं हाय?" तिने विचारलं.

बन्सीचा हात खिशातल्या बाटलीवर गेला.

त्याने तिला काही सांगितलं नव्हतं...

ती चालू लागली. बन्सीच्याच घराच्या दिशेने.

पात्र संपून चढ लागला. दोन्हीकडे बाभळी. मधे एका माणसापुरती वाट. बन्सीला तिच्या आधी घरी पोचायचं होतं. का, ते त्याला सांगता येईना. पण पोचायचं होतं. त्याने पाय उचलला. अंतर तेवढंच. तो पळाला. ती चालतच होती. अंतर तेवढंच.

"बाई, थांबा..."

ती वळली नाही.

"बाई... माझं एकच हाय..."

पावलांचा आवाज एकट्याचाच. त्याचा.

वळण आलं. ती वळणाआड गेली. बन्सी वळणावर आला, तेव्हा वाट रिकामी होती. पुढे त्याचं घर. दारातून दिव्याचा उजेड येत होता. मग तो उजेड झाकला गेला. कुणीतरी दारात उभं राहावं तसा.

बन्सी पळतच होता. बऱ्याच वेळाने उजेड पुन्हा दिसला.

बन्सी घरात शिरला. गोजरबाई भिंतीला टेकून बसली होती. पोराला उराशी दाबून.

"कानिफ...?"

"हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "एक बाई आल्ती. डोईवर हंडा. म्हनली, उतरू लाग गं बाई, मान भरून आली."

"मग?"

"उठाया निघाले. याला खाली ठेवाया वाकले, तर यानं माझं बोट धरलं. दिसभर हात हलवला नव्हता यानं. मग म्हटलं, जरा थांबा, मालक येत्याल."

"काय म्हनली?"

"काय न्हाई... याच्याकडं बघत ऱ्हायली."

"मग?"

"दिवा बारीक झाला. वात वर केली, तवर... न्हवती."

रात्रभर दोघांनी चमच्याचमच्याने औषध पाजलं. उजाडताना पोर मोठ्याने रडलं. इतकं गोड रडणं ऐकलं नव्हतं, असं बन्सी म्हणतो.

शामकांतने ताकाचा पेला खाली ठेवला. नृसिंहने हळूच विचारलं, "आबा, ती पाणी द्यायला आली होती, की पोर न्यायला?"

"गोजरबाईलाही ते उमगलेलं नाही, बाळा. कधी म्हणते, बरं झालं उठले नाही. आणि कधी रडते. म्हणते, तिचंही पोर तहानलेलंच होतं, एक हंडा उतरू लागले असते तर माझं काय गेलं असतं."

पोरं उठली. मी कंदील घेऊन त्यांना वरच्या वाटेने सोडायला निघालो. बन्सीचं घर त्याच वाटेवर आहे. त्याच्या अंगणापाशी आलो तशी दोघं आपोआप थांबली.

ओट्यावर, उंबऱ्याच्या बाहेर, एक गोल ओल आहे. हंड्याच्या बुडाएवढी. त्या पहाटे दिसली ती. तिथली माती खणून नवी भरली. गोजरबाई दर आठवड्याला सारवते. सगळा ओटा दुपारपर्यंत वाळून पांढरा पडतो.

यंदाचा चैत्रही कडक गेला. कंदील खाली धरून मी हात लावला. गार होतं. बोटांना पाणी लागलं.